टीबीची तपासणी गोठ्याच्या दारातून परत का फिरते?

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर
मा. आयुक्त, कोल्हापूर महानगरपालिका
जिल्ह्यातील पशुसंवर्धन व क्षयरोग नियंत्रण विभागांचे अधिकारी
जिल्ह्यातील सहकारी दूध संघांचे अध्यक्ष व संचालक

विषय: जनावरांकडून माणसांना आणि माणसांकडून जनावरांना होणाऱ्या क्षयरोगाच्या तपासणीबाबत

सप्रेम नमस्कार.

टीबीमुक्त ग्रामपंचायतीचे सहा निकष आता गावोगाव पाठ झाले आहेत. हजार लोकसंख्येमागे वर्षात किमान ३० संशयितांची तपासणी, हजारी एक किंवा त्याहून कमी रुग्ण, ८५ टक्के उपचार यशस्वी, औषधप्रतिरोधाची चाचणी, पोषण आहाराचे पैसे आणि निक्षय मित्राचा, म्हणजे रुग्णाला मदत करायला पुढे आलेल्या दात्याचा, आधार. निकष चांगले आहेत. त्यासाठी आशाताई आणि आरोग्यसेवक ऊन-पाऊस न बघता फिरतात, याची आम्हाला जाण आहे. पण या सहांत जनावराचे नाव कुठेही नाही. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीकडच्या जुन्या घरांत सोप्याला लागूनच दावण असते. पावसाळ्याचे चार महिने माणसे आणि म्हशी एकाच छपराखाली काढतात. तपासणीला आलेली ताई त्या सोप्यात उभी राहून घरातल्या प्रत्येकाचा खोकला, ताप, वजन विचारते. दोन हातांवर बांधलेल्या म्हशींसाठी तिच्या कागदावर रकानाच नसतो.

त्याच दावणीपाशी काही दिवसांनी पशुसंवर्धनचा माणूस लाळ्या-खुरकुताची लस टोचायला येतो, कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर मोबाईलमध्ये घालतो आणि जातो. घरात कुणाला टीबीचे औषध चालू आहे का, हे विचारणे त्याच्या कामात येत नाही. दोन्ही खाती एकाच घरात येऊन जातात आणि एकाची वही दुसऱ्याला दिसत नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

हे पत्र लिहिणाऱ्यांत जनावरांवर उपचार करणारे पशुवैद्यक आहेत, पशुधन पर्यवेक्षक आहेत आणि दहा दिवसांच्या दूध बिलावर घर चालवणारे उत्पादक आहेत. हा रोग वाढला तर तो आधी आमच्या घरात येतो, आमच्या पोरांच्या गळ्यात गाठी होऊन. आणि त्याचा नुसताच बोभाटा झाला तर आधी आमच्या दुधाचा भाव पडतो. त्यामुळे घाबरवणारे काही इथे लिहिलेले नाही, आणि झाकलेलेही नाही.

आधी वस्तुस्थिती. भारतातला बहुतेक टीबी माणसाच्या खोकल्यातून माणसाला होतो. तो मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस या जंतूचा. गायी-म्हशींत त्याच कुळातला मायकोबॅक्टेरियम बोव्हिस, आणि आपल्या देशात अलीकडे ओळखू आलेला मायकोबॅक्टेरियम ओरिगिस, हे रोग करतात. जनावरांचे हे जंतू माणसात येतात ते मुख्यतः कच्च्या दुधातून आणि कोंदट गोठ्यातल्या हवेतून. रोगट जनावर कापणाऱ्यालाही धोका असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ या एका वर्षात जगात १ लाख ४० हजार माणसांना जनावरांकडून आलेला टीबी झाला आणि ११,४०० माणसे दगावली. आपल्या देशातल्या पाहण्या एकत्र करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ७.३ टक्के, म्हणजे २ कोटी १८ लाख जनावरे बाधित असावीत असा अंदाज मांडला. चौदा जनावरांत एक. हा देशाचा अंदाज आहे, कोल्हापूरचा नव्हे. कोल्हापूरचा आकडा तपासल्याशिवाय निघणार नाही.

दूध पिणाऱ्यांसाठीही इथेच सांगून ठेवतो. ६३ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे किंवा ७२ अंशाला १५ सेकंद तापवले की हे जंतू मरतात. संघाच्या पिशवीतले पाश्चराइज्ड दूध सुरक्षित आहे. घरी उकळी फुटेपर्यंत तापवलेले दूधही सुरक्षित आहे. विरजणाच्या आंबटपणाने जंतू मरतीलच असा भरवसा नाही, म्हणून विरजण लावायचे ते तापवलेल्या दुधाला. पिशवीचे दूध बंद करा असे कुणी या पत्राच्या नावाने सांगितले तर ते खोटे समजावे.

आता तक्रारी.

पहिली आरोग्य विभागाकडे. थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली बघा, सीबीनॅट करा की ट्रूनॅट करा (दोन्ही जंतूची जनुके शोधणाऱ्या यंत्रावरच्या तपासण्या), उत्तर एवढेच येते की टीबी आहे. जंतू माणसाचा की म्हशीचा हे त्यातून कळत नाही, कारण या तपासण्यांना हे सगळे कूळ एकसारखेच दिसते. शिवाय दुधातून आलेला टीबी बऱ्याचदा छातीत बसत नाही. तो गळ्याच्या गाठीत, आतड्यात, पोटाच्या पडद्यात बसतो. थुंकी स्वच्छ निघते. गंडमाळेच्या, म्हणजे गळ्यातल्या टीबीच्या, गाठीतून सुईने नमुना काढून तो पेशी बघायला पाठवला जातो, टीबीसारखे दिसते असा शेरा येतो आणि गोळ्या सुरू होतात. कल्चर (नमुन्यातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघणे) लावले जात नाही. लावले तरी जंतू वाढवायच्या नेहमीच्या लोवेनस्टाइन-जेन्सन माध्यमात ग्लिसरॉल असते आणि बोव्हिस त्यावर नीट वाढत नाही. त्याला पायरुव्हेट घातलेले माध्यम लागते. ते नसेल तर बाटलीत काही उगवत नाही आणि निगेटिव्ह अहवाल हातात पडतो.

याने रुग्णाचे नुकसान होते. पहिल्या दोन महिन्यांच्या एकत्र गोळीत चार औषधे असतात. त्यातले पायराझिनामाइड बोव्हिसवर मुळातच चालत नाही. म्हणजे सुरुवातीच्या, सगळ्यात महत्त्वाच्या काळात रुग्णाला चारऐवजी तीनच औषधांचा उपयोग होतो. बोव्हिस आहे हे नक्की कळले तर डॉक्टर उपचार साधारण नऊ महिन्यांपर्यंत नेतात. ते कळावे म्हणून कुणी बघतच नाही. सीबीनॅट रिफाम्पिसिनचा प्रतिरोध दाखवते, पायराझिनामाइडचा नाही, त्यामुळे कागदावर सगळे ठीक दिसते. गोळ्या संपवून बरे झालेले पोर पुन्हा त्याच दावणीच्या दुधावर येते.

दुसरी तक्रार पशुसंवर्धनाची, आणि ती आम्ही जरा सविस्तर मांडणार आहोत, कारण अडचण नेमकी कुठे आहे ते वर बसून दिसत नाही.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकुत आणि ब्रुसेलोसिस (गाभ पाडणारा, माणसालाही होणारा रोग) हे रोग घेतले गेले, टीबी नाही. पण जनावरांतील संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत गोवंशीय क्षयरोग आहे. म्हणजे संशय आला तर मालकाने खबर देणे कायद्याने बंधनकारक. मालकाला संशय येणार कसा? बाधित म्हैस वर्षानुवर्षे धडधाकट दिसते, गाभण राहते, दूध देते. रोग पुढे गेला की पहाटे सोडताना किंवा थोडे चालवले की कोरडा, दबका खोकला येतो. खुराक तोच असताना अंग उतरते. जबड्याखाली किंवा खांद्यापुढे गाठ लागते. कधी मागच्या सडाच्या वर कासेत घट्ट गोळा होतो. तो दुखत नाही आणि दूध दिसायला चांगले असते, त्यामुळे मस्टायटिस (कासेची सूज) समजून त्याच्यावर ट्यूबा मारल्या जातात. एवढे दिसेपर्यंत त्या गोठ्यातली बाकीची जनावरे आणि रेडके त्याच हवेत राहून झालेली असतात.

रोग आधीच ओळखायची चाचणी शंभर वर्षांहून जुनी आहे. ट्युबरक्युलिन, म्हणजे जंतूपासून काढलेले शुद्ध प्रथिन. मानेच्या मधल्या भागावर दोन जागी केस कापायचे, एक वर, एक खाली, मध्ये साधारण १२ ते १५ सेंटिमीटर अंतर. दोन्ही जागी कातडीची घडी कॅलिपरने मिलिमीटरमध्ये मोजून लिहून ठेवायची. वरच्या जागी पक्ष्यांच्या जंतूचे आणि खालच्या जागी बोव्हिसचे ट्युबरक्युलिन, प्रत्येकी ०.१ मिली, कातडीच्या आत टोचायचे. बरोबर टोचले तर बोटाला वाटाण्याएवढा उंचवटा लागतो. तो लागला नाही तर औषध कातडीखाली गेले असे समजावे, आणि ती चाचणी धरू नये. बरोबर ७२ तासांनी, शक्यतो त्याच माणसाने, तीच घडी पुन्हा मोजायची. बोव्हिसच्या जागची वाढ पक्ष्यांच्या जागच्या वाढीपेक्षा ४ मिलिमीटरहून जास्त भरली तर जनावर बाधित. १ ते ४ असेल तर संशयित, आणि किमान ४२ दिवसांनी पुन्हा चाचणी. त्याआधी केली तर आधीच्या टोचणीमुळे अंगाची प्रतिक्रिया मंदावलेली असते आणि बाधित जनावरही चांगले ठरते.

दोन जागा कशासाठी, असे विचारून खर्च वाचवायला एकच जागा ठेवायचा मोह होतो. आपल्या म्हशींत जोन्स नावाचा आतड्याचा जुनाट रोग आढळतो. त्याचा जंतू याच गोत्रातला असल्याने एका जागेच्या चाचणीत जोन्सची म्हैसही पॉझिटिव्ह दिसू शकते, आणि लाखाच्या जनावरावर नाहक शिक्का बसतो. म्हणून खाजगी गोठ्यात दोन जागांचीच चाचणी व्हावी असे आमचे मत आहे.

ही चाचणी फसते ती बहुधा याच जागी. बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते आणि ती मोटारसायकलच्या डिकीत उन्हात फिरते. कॅलिपर नसतो म्हणून बोटाने चाचपून शेरा मारला जातो. नुकतीच व्यालेली म्हैस तपासली जाते. वेतानंतरचे चार-सहा आठवडे प्रतिक्रिया कमी येते, त्या काळात तपासूच नये. अगदी खंगलेले, रोगाने पोखरलेले जनावरही कधी प्रतिक्रिया देत नाही, त्याच्याकडे नुसत्या आकड्याने बघून चालत नाही. आणि सगळ्यात मोठे म्हणजे दुसरी फेरी. एका पशुवैद्यकाकडे कितीतरी गावे, त्यात अडलेली गाय, पोटफुगी, रेतन, लसीकरणाचे उद्दिष्ट. बहात्तर तासांनी परत येणे जमले नाही तर पहिल्या दिवसाचे सगळे काम वाया. ट्युबरक्युलिन आपल्याच देशात, इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत तयार होते. ते कुठून मागवायचे, कुणाच्या खात्यातून, शीतपेटीत कसे आणायचे, दुसऱ्या फेरीचे डिझेल कोण देणार, याची उत्तरे आज गावपातळीवर नाहीत.

तिसरी तक्रार या सगळ्याच्या मुळाशी आहे. समजा चाचणी झाली आणि म्हैस बाधित निघाली. पुढे? जगात बऱ्याच देशांनी तपासा आणि काढून टाका हा मार्ग घेतला, अमेरिकेने तर १९१७ पासून. आपल्या राज्यात गायीबाबत तो मार्ग कायद्याने बंद आहे. म्हशीबाबतही भरपाईशिवाय कोणी तो घेणार नाही. मग कर्ज काढून आणलेल्या म्हशीच्या मालकासमोर एकच वाट उरते: कुणाला कळायच्या आत ती बाजारात उभी करणे. ती दुसऱ्या तालुक्यातल्या दुसऱ्या दावणीला जाते आणि रोग तिच्याबरोबर जातो. भरपाई ठरवल्याशिवाय सुरू केलेली तपासणी रोग पसरवायलाच मदत करेल, हे आम्ही जबाबदारीने लिहीत आहोत. लम्पीच्या साथीत २०२२ मध्ये राज्य शासनाने दगावलेल्या दुधाळ जनावरामागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये दिले होते. म्हणजे शासनाला हे करता येते.

बाधित जनावराला औषध देऊन बरे करू, असेही काही ठिकाणी सुचवले जाते. कृपया ही वाट बंद ठेवावी. महिनोन्महिने औषध द्यावे लागते, जनावर बरे दिसू लागले तरी जंतू टाकणे थांबेलच असे नाही, औषध दुधात उतरते आणि माणसाच्या उपचाराची औषधे निकामी करणारे जंतू तयार होतात. जनावरांसाठीची टीबीची लसही आपल्या बाजारात नाही. उरतो तो वेगळे ठेवण्याचा मार्ग. त्यासाठी वेगळा, मोकळ्या हवेचा गोठा हवा, वेगळी बादली, वेगळे पाणी आणि वेगळी गव्हाण हवी. धार शेवटी काढायची, दूध सोसायटीत घालायचे नाही, रेडकू जन्मताच बाजूला करून त्याला निरोगी म्हशीचा चीक आणि पुढे उकळून कोमट केलेले दूध पाजायचे. तीन म्हशी आणि गुंठाभर परडे असलेल्या माणसाला हे स्वतःच्या बळावर जमणार नाही. सामायिक विलगीकरण गोठ्याची जागा आणि खर्च शासन व संघ यांनी मिळून उचलायला हवा.

चौथी गोष्ट शहराची, आणि कोल्हापूरकरांच्या जिव्हाळ्याची. गंगावेशीत, मिरजकर तिकटीला संध्याकाळी म्हैस कट्ट्यावर उभी असते आणि गिऱ्हाईकासमोर धार काढून फेसाळता पेला हातात मिळतो. पंढरपुरी म्हैस थोडे थोडे, पुन्हा पुन्हा पान्हवते, म्हणून हा धंदा इथे टिकला. गवळी बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या ही जनावरे सांभाळली आहेत. तालमीतल्या पोरांची भिस्त याच दुधावर. कट्टे बंद करा असे आम्ही म्हणत नाही, आणि कुणी म्हटले तर विरोध करू. पण धारोष्ण दूध म्हणजे कच्चे दूध. ते कोमट असते ते जनावराच्या अंगाच्या उबेने, आणि त्या उबेत जंतू मरत नाही, जगतो. उकळल्याने दुधातली ताकद जाते हा समज तालमीत घट्ट बसला आहे. प्रथिने, स्निग्धांश, कॅल्शियम उकळल्यावर जवळपास तेवढेच राहतात. काही जीवनसत्त्वे थोडी कमी होतात, ती पैलवानाच्या खुराकात दुसरीकडून सहज भरून निघतात. आणि टीबी सोडला तरी ब्रुसेलाचा ताप कच्च्या दुधातून येतोच, त्यामुळे चाचणी झालेल्या म्हशीचे दूधही उकळूनच द्यावे. कट्ट्यावर एक मोठी शेगडी आणि पातेले एवढेच लागते. वस्तादांनी एकदा सांगितले की तालमीत ते चालेल. आमच्या पत्रकाने चालणार नाही.

पाचवी तक्रार उलट्या दिशेची, आणि तिच्याकडे कुणाचेच लक्ष नाही. माणसाचा टीबी जनावराला होतो. छातीचा टीबी असलेला माणूस धार काढताना म्हशीच्या अंगाला डोके टेकून बसतो, खोकतो. तंबाखू, मिसरीची पिचकारी गव्हाणीत, वैरणीवर जाते आणि तीच वैरण जनावर खाते. उपचार सुरू करताना रुग्णाला बायको-पोरांपासून जपून राहायला सांगितले जाते, गोठ्याचे कुणी बोलत नाही. औषध नियमित सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत संसर्ग पसरवण्याची शक्यता बरीच कमी होते. तेवढे दिवस धार दुसऱ्याने काढावी, एवढे एक वाक्य गोळ्यांच्या पाकिटाबरोबर सांगायला काय लागते?

जनावरांच्या येण्याजाण्याबद्दल थोडक्यात. दूध वाढावे म्हणून हरियाणा, गुजरातहून मुऱ्हा, म्हसाणा, जाफराबादी म्हशी आणायला कर्ज आणि अनुदान मिळते. खरेदीच्या वेळी दूध बघतात, दात बघतात, विमा काढतात. टीबीची चाचणी अट म्हणून कुठे दिसत नाही. आल्या आल्या म्हैस जुन्या जनावरांच्या ओळीत बांधली जाते. आणि २०१९ व २०२१ च्या महापुरात चिखली-आंबेवाडीसारख्या गावांची जनावरे हलवावी लागली तेव्हा अनेक गोठ्यांतली जनावरे एकत्र, एकाच टाकीवर पाणी पीत राहिली. पुन्हा पूर येईल. तेव्हा कुठले जनावर कुठे बांधायचे, हे आपत्ती आराखड्यात आधीच लिहिलेले असावे.

आमच्या मागण्या अशा आहेत.

टीबीच्या प्रत्येक नव्या रुग्णाला उपचार सुरू करताना तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे नोंदवावीत: घरी गाय-म्हैस-शेळी आहे का, कच्चे दूध पिता का, गोठ्यात एखादे जनावर खंगले आहे किंवा खोकते आहे का. उत्तर हो आले तर ती माहिती रुग्णाचे नाव गुप्त ठेवून आठवड्याच्या आत त्या गावाच्या पशुवैद्यकाकडे जावी. तसेच ज्या गोठ्यात जनावर बाधित निघेल त्या घरातल्या सगळ्यांची टीबी तपासणी मोफत व्हावी. या एका मागणीला जवळपास खर्च नाही. ती या महिन्यात सुरू करता येईल, दोन खात्यांनी एकत्र बसायचे ठरवले तर.

गंडमाळ, पोटाचा टीबी आणि लहान मुलांतला फुप्फुसाबाहेरचा टीबी, यांत घरी जनावरे असतील तर सुईने काढलेला नमुना कल्चरला पाठवावा, पायरुव्हेटच्या माध्यमावरही लावावा, आणि जंतूची जात ओळखणारी चाचणी करावी. जिल्ह्यात सोय नसेल तर पुण्याला किंवा त्याही पुढे नमुने पाठवायची व्यवस्था आणि खर्च ठरवावा.

भरपाई आणि विलगीकरण गोठा यांचा आदेश आधी निघावा, जनावरांची तपासणी त्यानंतर. भरपाईचा दर त्या जनावराच्या बाजारभावाशी जुळणारा असावा. लम्पीचा दर मुऱ्हा म्हशीला पुरणार नाही. भरपाई घेतलेले जनावर विकता येणार नाही, ही अट बिल्ल्याच्या नंबरावर नोंदवावी. ती अट आम्हाला मान्य आहे.

त्यानंतर दोन जागांची ट्युबरक्युलिन चाचणी या क्रमाने व्हावी: ज्या घरात टीबीचा रुग्ण आहे ते गोठे, शहरातल्या दूध कट्ट्यांवरच्या म्हशी, अनुदानातून बाहेरून आलेली जनावरे, मोठे गोठे. प्रत्येक पथकाला कॅलिपर, शीतपेटी आणि दुसऱ्या फेरीसाठी वाहन द्यावे. ७२ तासांची फेरी झाली नाही तर पहिली टोचणी उद्दिष्टात धरू नये, नाहीतर नुसत्या टोचण्यांचेच आकडे वर जातील.

दूध संघांनी बाहेरून म्हैस आणण्याच्या अनुदानाला खरेदीपूर्व चाचणीची अट घालावी, आणि आल्यावर किमान ४२ दिवस वेगळे बांधून पुन्हा चाचणी करावी. संघाच्या पशुवैद्यकीय सेवेत ट्युबरक्युलिनचा साठा असावा. सोसायटीत फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) बघण्याच्या यंत्राने टीबी कळत नाही, त्यामुळे इथे दुधाच्या नमुन्यावर विसंबून चालणार नाही, जनावरच तपासावे लागेल. आणि कृपा करून बाधित जनावराच्या मालकाचे दूध घालणे सरसकट बंद करू नका. त्याच्या निरोगी म्हशींचे दूध पाश्चरायझेशनला जाते, ते घ्या. ते नाकारलेत तर पुढच्या वेळी तो तपासायला दार उघडणार नाही.

महापालिकेने कट्ट्यांवर दूध उकळून देण्याची सोय गवळी बांधवांशी बोलून करावी, दंडाची पावती घेऊन जाऊ नये. कत्तलखान्यात म्हशीच्या फुप्फुसाजवळच्या आणि घशामागच्या गाठी कापून बघण्याची शिस्त असावी. टीबीची गाठ पिवळट, चिजासारखी असते आणि जुनी झाली की चुनखडी साठून सुरीखाली करकरते. अशी गाठ सापडली की कानातल्या बिल्ल्यावरून ते जनावर कुठल्या गोठ्यातून आले ते शोधून तिथे पथक जावे. इतक्या स्वस्तात रोगाचा पत्ता दुसरीकडे कुठे मिळणार नाही.

शेवटची मागणी गोठ्याची. गाय-म्हशींच्या गोठ्यासाठी रोजगार हमीतून आणि इतर योजनांतून जे अनुदान मिळते, त्याच्या नकाशात आढ्याला हवा जायला फट, समोरासमोर तोंडे न येता उभी राहतील अशी रचना आणि प्रत्येकी वेगळे पाणी या बाबी घालाव्यात. पावसाळ्यात चारी बाजूंनी ताडपत्री बांधून गोठा बंद करण्याची आपल्याकडे सवय आहे. पश्चिमेचा झोत अडवावा, पण वरची हातभर जागा उघडी ठेवावी. उन्हात हा जंतू लवकर मरतो, अंधाऱ्या ओल्या शेणात मात्र आठवडे-महिने तग धरतो. बाधित जनावर हलवल्यावर आधी शेण-माती खरवडून काढायची, मग ५ टक्के फिनॉलचे द्रावण ओतून जमीन आणि गव्हाण भिजवायची. शेणावरच औषध ओतले तर उपयोग होत नाही. बाजारात जनावरांच्या गोठ्यासाठी म्हणून मिळणारी बरीच फेसाळ जंतुनाशके या जंतूवर चालत नाहीत, तेव्हा नेमके काय वापरायचे याची मराठीतली एक पानाची सूचना प्रत्येक सोसायटीच्या भिंतीवर लावावी. ती लिहून द्यायला आम्ही तयार आहोत.

पावसाळ्यात म्हशी पुन्हा सोप्याला येण्याआधी तीन प्रश्नांचा आदेश आणि भरपाईचा प्रस्ताव, या दोन गोष्टींवर आपले लेखी उत्तर मिळावे ही विनंती. चाचणीच्या प्रशिक्षणासाठी आणि पहिल्या गावांतल्या दोन्ही फेऱ्यांसाठी आमच्यातले पशुवैद्यक विनामोबदला येतील, आणि उत्पादक स्वतःची जनावरे सगळ्यात आधी तपासायला देतील.

आपले विश्वासू,
करवीर, राधानगरी, भुदरगड व शाहूवाडी तालुक्यांतील
काही पशुवैद्यक, पशुधन पर्यवेक्षक आणि दूध उत्पादक